पुण्याची रिक्षा, पनवेलची मिनीडोअर आणि तिसऱ्या चाकामागचा नगरचा वकील

पनवेलमधून बाहेर पडून रायगडातल्या गावांकडे निघालात, किंवा पुढे पेण-अलिबागच्या बाजूला गेलात, की एक गाडी हमखास दिसते. पुढे एक चाक, मागे दोन, आत समोरासमोर बसलेली माणसं, मांडीवर पिशव्या, आणि गाडी भरल्याशिवाय जागची न हलणारा ड्रायव्हर. सरकारी भाषेत सहा आसनी रिक्षा. लोकांच्या भाषेत विक्रम नाहीतर मिनीडोअर.

यातली विक्रम लखनौच्या स्कूटर्स इंडियाची. मिनीडोअर मात्र आपल्या आकुर्डीच्या बजाज टेम्पोची. आणि बजाज टेम्पो उभी करणारा माणूस मूळचा इंजिनिअर नव्हता, मेकॅनिक नव्हता, त्याच्या घराण्यात मोटारींचा धंदाही नव्हता. तो अहमदनगरचा वकील होता. दोनचाकी स्कूटरच्या मागे दोन चाकं जोडलेली परदेशी गाडी पाहून, तिच्यावर मालाऐवजी माणसं बसवता येतील हे त्याने ओळखलं. आज देशभर पिवळ्या-काळ्या, हिरव्या-पिवळ्या रिक्षा धावतात, त्याची सुरुवात तिथून होते.

त्यांचं नाव नवलमल कुंदनमल फिरोदिया.

पुण्यात कॉलेज केलेल्यांना फिरोदिया म्हटलं की करंडक आठवतो. उद्योगाच्या बातम्या वाचणाऱ्यांना कायनेटिक आठवते. पण रिक्षा आठवत नाही, आणि खरं तर तीच पहिली आठवायला हवी.

नवलमल यांचा जन्म १९१० चा, नगरचा. घर मारवाडी जैन. पण कापडाच्या नाहीतर सावकारीच्या पेढीवर बसायचं असं काही त्यांच्या नशिबी नव्हतं, कारण वडील कुंदनमल हे नगरचे नावाजलेले वकील होते आणि पक्के काँग्रेसवाले. हेच कुंदनमल फिरोदिया पुढे १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. म्हणजे घरात येणारी-जाणारी माणसं कोण असतील याचा अंदाज करा.

नगर तेव्हा राजकीयदृष्ट्या तापलेलं गाव होतं. रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धन नगरचेच. १९४२ साली नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांच्यासकट जवळजवळ अख्खी काँग्रेस कार्यकारिणी ज्या किल्ल्यात कोंडून ठेवली होती, तो भुईकोट किल्लाही नगरचाच. अशा गावात, अशा घरात वाढलेला मुलगा गांधींच्या मागे गेला नसता तरच नवल. नवलमल यांनीही कायद्याचं शिक्षण घेतलं, खादी घातली, चळवळीत उतरले, तुरुंगवास सोसला.

स्वातंत्र्य जवळ आलं तसा या पिढीपुढे एक प्रश्न उभा राहिला. लढाई संपली, आता करायचं काय? बरेच जण निवडणुकीकडे वळले. नवलमल यांना तो रस्ता सगळ्यात सोपा होता, वडीलच सभागृहाच्या अध्यक्षपदावर होते. त्यांनी कारखानदारी निवडली. १९४७ मध्ये त्यांनी जी कंपनी काढली तिचं नावच जय हिंद इंडस्ट्रीज. ते साल पाहता दुसरं नाव सुचलंही नसतं.

आता इथे जरा वर्ध्याला जाऊन यायला लागेल.

वर्ध्याचे जमनालाल बजाज म्हणजे गांधीजींनी आपला पाचवा मुलगा मानलेले. ते १९४२ ला गेले. त्यानंतर घरच्या उद्योगांची धुरा कमलनयन बजाज यांच्याकडे आली. १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी नोंदवली गेली आणि १९४८ पासून ती परदेशातून दुचाकी आणि तीनचाकी गाड्या आणून विकायला लागली. ही पुढची बजाज ऑटो. बजाज आणि फिरोदिया, दोन्ही घरं खादीवाली, दोन्ही मारवाडी, दोन्हींचा गांधींशी संबंध. ही मंडळी एकत्र आली आणि या वाहनांच्या धंद्यात नवलमल फिरोदिया हे कारभार हाकणारे माणूस झाले.

त्याच सुमाराला तिकडे इटलीत काय चाललं होतं, ते बघण्यासारखं आहे.

महायुद्धात पिआजिओ ही कंपनी विमानं बनवत होती. युद्ध संपलं, कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त, विमानं करायला परवानगी नाही आणि लोकांच्या खिशात मोटारीपुरते पैसे नाहीत. तेव्हा कोराडिनो दास्कानियो नावाच्या विमानांच्या इंजिनिअरने एक स्कूटर आखली. १९४६ साली ती बाजारात आली. तिचं नाव व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. लगेच दोन वर्षांच्या आत त्याच डोक्यातून तिची बहीण निघाली. व्हेस्पाचा पुढचा भाग तसाच ठेवायचा, तेच हँडल, तीच सीट, तेच सव्वाशे सीसीचं छोटं इंजिन. मागचं एक चाक काढून तिथे आस टाकायचा, दोन चाकं लावायची आणि वर माल ठेवायला लाकडी हौदा. हिचं नाव आपे, म्हणजे मधमाशी. आजही आपल्याकडे पिआजिओच्या तीनचाकीला आपेच म्हणतात, आणि ती रिक्षा आपली आहे म्हणून आपे असं समजणारे लोक काही कमी नाहीत.

या तीनचाकी मालगाडीचं चित्र फिरोदियांच्या पाहण्यात आलं. भाजीपाला, विटा, दुधाचे कॅन वाहणारी गाडी. दुसऱ्या कुणी ती मालगाडी म्हणूनच आणली असती, विकली असती आणि विषय संपला असता. पण फिरोदियांच्या डोक्यात दुसरीच गाडी होती, जिला इंजिन नव्हतं.

हातरिक्षा. माणसाने ओढायची.

आपल्या पिढीला हातरिक्षा म्हटलं की कलकत्ता आठवतं. पण पनवेलकरांना इतकं लांब जायची गरज नाही. गावातून पूर्वेला डोंगर दिसतो, त्यावर माथेरान आहे. तिथे मोटारींना बंदी, त्यामुळे टुरिस्टांना लाल मातीच्या चढावरून माणसंच ओढत न्यायची, एक पुढे ओढणार आणि मागून ढकलणार. ही गोष्ट इंग्रजांच्या काळातली म्हणून मी सांगत नाहीये. या रिक्षा ओढणाऱ्या ९४ परवानाधारकांच्या जागी ई-रिक्षा द्या म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २०२२ च्या शेवटी प्रयोग म्हणून सात ई-रिक्षा सुरू झाल्या, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोर्टाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला. म्हणजे फिरोदियांना १९४८ च्या सुमाराला जे खुपत होतं, ते पनवेलच्या नजरेच्या टप्प्यात पाऊणशे वर्षं चालूच होतं.

तेव्हा गांधीवादी मंडळींत या विषयावर बरंच बोललं जायचं. माणसाने माणसाला जनावरासारखं ओढावं हे स्वतंत्र देशाला शोभत नाही, यावर सगळ्यांचं एकमत. पण ओढणाऱ्याने मग खायचं काय? बंदी घातली की त्याची चूल विझणार. फिरोदियांचं उत्तर व्यवहारी होतं. त्या माणसाच्या हाती दांडीऐवजी हँडल द्या. तो रस्त्यावरच राहील, भाडंही तोच घेईल, फक्त ओढायचं काम इंजिन करेल.

ऐकायला सोपं आहे. पण दुचाकीला तिसरं चाक लावणं हा प्रकार वाटतो तितका साधा नसतो, आणि ज्यांनी कुणी आपल्या लांब पल्ल्याच्या बुलेटला किंवा गोल्डविंगला मागे दोन चाकं लावून ट्राइक करायचं स्वप्न बघितलंय त्यांनी हे जरा नीट वाचावं.

दुचाकी वळते ती झुकून. आपण वळणाच्या बाजूला कलतो, गाडी कलते, आणि तोल आपोआप सांभाळला जातो. मागे दोन चाकं लावली की हे झुकणं बंद. आता वळताना सगळा जोर गाडीला बाहेर फेकायला बघतो आणि पुढे आधाराला एकच चाक. तीन चाकांचे तीन बिंदू जोडले तर त्रिकोण होतो. गाडीचं वजन त्या त्रिकोणाच्या आत आहे तोवर ठीक, बाहेर गेलं की गाडी आडवी. म्हणून माणसं मागच्या आसाजवळ, त्रिकोण रुंद आहे तिथे बसवायची, आणि जितकी खाली बसवता येतील तितकी खाली. रिक्षावाला वळणावर ब्रेक मारत आला की आपला जीव का खालीवर होतो, याचं कारण हेच. ब्रेकमुळे वजन पुढे सरकतं, आणि पुढे त्रिकोण अगदी चिंचोळा असतो.

दुसरी भानगड मागच्या चाकांची. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. दोन्ही एकाच आसावर घट्ट बसवली तर एक चाक घसटत जाणार, टायर खाणार आणि गाडी सरळ पळायला बघणार. त्यासाठी मध्ये डिफरन्शियल लागतं, ते दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरू देतं. बैलगाडीत हा प्रश्नच नव्हता, कारण तिथे आस फिरत नाही, प्रत्येक चाक आपलं आपण फिरतं. पनवेलकरांना हे सांगायची गरज पडू नये. एकेकाळी बैलगाडीची चाकं बनवणं हा या गावाचा मुख्य धंदा होता, घाटावरून बंदरात माल घेऊन उतरणारे गाडीवान जाताना इथून चाकांची जोडी घेऊन जायचे.

शिवाय रिव्हर्स गिअर हवा, कारण भरलेली तीनचाकी पायाने मागे ढकलता येत नाही. हे सगळं इटालियन आपेने बरंचसं सोडवलेलं होतं. फिरोदियांच्या गाडीत मुख्य बदल झाला तो मागच्या हौद्याचा. माल ठेवायच्या जागी आसन आलं, वर ऊन-पावसाचं छप्पर आलं.

मशीन तयार होणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं काम सरकारी कचेरीतलं होतं, आणि इथे वकिली कामाला आली. भाड्याने प्रवासी नेणं हा परमिटचा विषय, १९३९ चा मोटार वाहन कायदा तेव्हा लागू. त्यात टॅक्सी होती, बस होती. स्कूटरच्या मागे खुर्ची जोडलेल्या गाडीला नेमकं काय म्हणायचं? मुंबई प्रांताचे गृहमंत्री तेव्हा मोरारजी देसाई होते. कडक माणूस, पण गांधीवादी. फिरोदियांनी आपली गाडी त्यांच्यापुढे मांडली ती हातरिक्षाला पर्याय म्हणूनच. मोरारजींना ती पटली आणि परवानगी मिळाली. वडील विधानसभेचे अध्यक्ष होते, त्यामुळे मंत्र्याच्या दारापर्यंत पोचणं इतरांपेक्षा सोपं गेलं असेल हे उघड आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्या दारातून आत जाऊन लोकांनी नंतर काय-काय मागितलं त्याच्याशी तुलना केली तर रिक्षाची परवानगी ही फार वाईट मागणी नव्हती.

आणि मग ऑटोरिक्षा पुण्यात धावायला लागली. टांग्यांच्या आणि सायकलींच्या पुण्यात ही फटफट करणारी गाडी लोकांनी कशी बघितली असेल याची कल्पना करा.

त्याच काळात देशात दुसरीकडे लोक आपापल्या परीने हाच उद्योग करत होते. दिल्लीत फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी महायुद्धात उरलेल्या अमेरिकन हार्ले डेव्हिडसन आणि इंडियन मोटारसायकली घेतल्या, मागचं चाक काढून आस टाकला, वर छप्पर आणि समोरासमोर बाकं बसवली. तीच दिल्लीची फटफटी. कनॉट प्लेस ते चांदणी चौक अशी ती पन्नासेक वर्षं चालली आणि नव्वदच्या दशकात प्रदूषणामुळे बंद पडली. सौराष्ट्रात बुलेटच्या पुढच्या धडाला मागे गाडा जोडून छकडा तयार झाला. लांब पल्ल्याच्या मोटारसायकलची ट्राइक म्हणून आज जगभर हौशी लोक लाखो रुपये घालतात, ती आपल्याकडे गरजेपोटी कधीच बनून गेली होती. फरक इतकाच, की फटफटी आणि छकडा गॅरेजात जन्माला आले. फिरोदियांनी तीच कल्पना कारखान्यात आणि कायद्यात बसवली.

हा फरक आजही पुसला गेलेला नाही. गॅरेजात जाऊन आपल्या बाइकला मागे दोन चाकं लावून घेतलीत तर ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करायचे नाहीत, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. सूट आहे ती प्रामुख्याने दिव्यांगांसाठी. स्कूटरला बाजूची दोन चाकं लावून त्याची आरटीओकडे नोंद करता येते, आणि अशा हजारो स्कूटर आपण रोज पाहतो.

पण फिरोदियांकडे परत येऊ, कारण त्यांचं डोकं रिक्षावर थांबलं नाही.

रिक्षाने माणसं न्यायची सोय केली. मग माल कोण नेणार? तेव्हा गावागावांत हातगाडी, बैलगाडी, नाहीतर एकदम मोठा ट्रक. मधलं काहीच नाही. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ विडाल अँड सोन ही कंपनी टेम्पो नावाने छोट्या तीनचाकी मालगाड्या बनवायची. तिच्याशी करार होऊन १९५८ साली बजाज टेम्पो सुरू झाली. पहिला कारखाना मुंबईत गोरेगावला, १९६४ मध्ये तो आकुर्डीला हलला. गाडीचं नाव हॅन्सिएट. लांबट नाक, पुढे एकच चाक, आणि इंजिन त्या चाकाच्याच डोक्यावर. गाडीला मागून ढकलायचं नाही, पुढून ओढायचं. त्यामुळे मागे आस रिकामा, डिफरन्शियलची कटकटच नाही.

हॅन्सिएट हे नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. टेम्पो बसलं. इतकं बसलं की पुढे चार चाकांच्या कुठल्याही कंपनीच्या छोट्या मालगाडीला आपण टेम्पोच म्हणायला लागलो. घर बदलताना टेम्पो सांगतो, गणपती आणायला टेम्पो सांगतो, वऱ्हाड टेम्पोतून जातं. ज्या जर्मन कंपनीचं हे नाव, तिचा तिकडे केव्हाच निकाल लागला. शब्द मराठीत नांदतोय.

वाशीचा खाडीपूल होईपर्यंत मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी ठाण्याला वळसा घालून पनवेलवरूनच पुढे खोपोली आणि बोरघाटाकडे जायची. गोरेगाव आणि आकुर्डी ही फिरोदियांच्या उद्योगाची दोन टोकं, आणि पनवेल बरोबर मधल्या वाटेवर.

१९५९ मध्ये सरकारने स्कूटर आणि रिक्षा देशातच बनवायचा परवाना दिला, १९६० मध्ये बजाज ऑटो हे नाव आलं आणि व्हेस्पा इथे बनायला लागली. या सगळ्या उभारणीत फिरोदिया मध्यभागी होते. मग बिनसलं.

१९६८ मध्ये बजाज आणि फिरोदिया वेगळे झाले. बजाज ऑटो बजाजांकडे राहिली, तिची सूत्रं तरुण राहुल बजाज यांच्या हाती आली. बजाज टेम्पो फिरोदियांच्या वाट्याला आली. दोन्ही कारखाने आकुर्डीत, अगदी शेजारी-शेजारी. आणि गंमत बघा, फिरोदियांच्या कंपनीच्या नावात बजाज हा शब्द पुढे सदतीस वर्षं तसाच राहिला. २००५ मध्ये ती फोर्स मोटर्स झाली तेव्हा कुठे तो गेला.

या वाटणीत एक गोष्ट मात्र त्यांच्या हातून सुटली. त्यांनी या देशात आणलेली रिक्षा बजाज ऑटोकडे गेली. तिचं इंजिन पुढून मागे गेलं, ती कोट्यवधी लोकांची सवारी झाली, परदेशात गेली, आणि तिच्या कपाळावर नाव राहिलं बजाज. म्हणून रिक्षा म्हटलं की लोकांना फिरोदिया आठवत नाहीत. यात बजाजांनी काही चोरलं असं म्हणणं बरोबर नाही, रिक्षा घराघरांत पोचवली ती त्यांच्याच कारखान्याने. पण सुरुवात कुणाची, हे सांगताना फिरोदियांचं नाव गाळणंही बरोबर नाही.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरा कुणी निवृत्तीचा विचार करता. त्यांनी १९६९ मध्ये मॅटाडोर आणली. ज्यांचं बालपण सत्तर-ऐंशीच्या दशकात गेलं त्यांना वेगळं सांगायला नको. शाळेची गाडी मॅटाडोर, दुधाची गाडी मॅटाडोर, शववाहिनीही मॅटाडोर. टेम्पोसारखाच हाही शब्द जातिवाचक झाला. पुढे जर्मनीच्या डेमलर-बेंझकडून डिझेल इंजिनाचा परवाना मिळवला आणि त्यावर ट्रॅक्स, ट्रॅव्हलर अशा गाड्या उभ्या राहिल्या. ग्रामीण महाराष्ट्रातली वडाप ज्या ट्रॅक्सवर चालते ती याच कारखान्याची. धाकटे भाऊ हस्तीमल यांनी कायनेटिक इंजिनिअरिंग काढली होती, तिची लुना १९७२ मध्ये आली. म्हणजे एकाच घरातून रिक्षा, टेम्पो, मॅटाडोर आणि लुना.

नवलमल फिरोदिया १९९७ मध्ये गेले. त्यांच्या कंपनीने नव्वदच्या दशकात मिनीडोअर काढली तेव्हा ते ऐंशी पार करून गेले होते. पुन्हा तीनच चाकं, पुन्हा पुढे एक आणि मागे दोन, पण आता डिझेलवर. रायगडात तिने एसटीने न जोडलेली गावं धरली, आठवड्याच्या बाजाराला जाणाऱ्या आजीपासून खोपोली-पेणच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांना बसवलं. आता या गाड्या जुन्या झाल्यात, परवान्याचा, गाडी बदलायचा, तीन आसनी रिक्षांशी होणाऱ्या भांडणाचा प्रश्न त्यांच्या चालकांपुढे उभा आहे. आणि डोंगरावर माथेरानला, रिक्षा ओढणाऱ्यांपैकी काही जण आता ई-रिक्षाचं हँडल धरून बसलेले दिसतात.